२८ नंबरची गाडी आणि शिळी झालेली कार्डं

टेबलावर नॅसकारची, म्हणजे अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या मालिकेची, दोन कार्डं शेजारीशेजारी ठेवली आहेत. पाकिटात विकली जाणारी, ड्रायव्हरांचे फोटो असलेली, छंद म्हणून जमवायची. अडीच बाय साडेतीन इंच, साधारण पत्त्याच्या पानाएवढी. दोन्हींवर एकच माणूस, ड्रायव्हर एर्नी अर्वन. १९९३च्या कार्डावर तो कोडॅकच्या पिवळ्या रंगात आहे, गाडी शेवरले, नंबर ४. १९९४च्या कार्डावर टेक्सॅकोच्या हॅव्होलिन इंजिन तेलाची काळी गाडी, फोर्ड, नंबर २८. वर्षभरात माणसाचा रंग बदलला, नंबर बदलला, गाडीची कंपनीही बदलली.

माझा अल्बम पूर्वी ड्रायव्हरच्या आडनावाप्रमाणे लावलेला होता. प्लॅस्टिकचं पान, पानाला नऊ खिसे, एका खिशात एक कार्ड. अ‍ॅलिसन, बर्टन, अर्नहार्ट, अर्वन असं सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं. १९९३ ते १९९६ची कार्डं लावायला घेतली आणि घडी विस्कटली. त्या घडी विस्कटण्याचंच हे प्रकरण आहे, आणि त्याच्या मध्यभागी एकही ड्रायव्हर नाही. मध्यभागी आहे २८ नंबरची गाडी.

नंबर कुणाचा?

आपल्याकडे खेळाडू आणि नंबर यांची गाठ क्रिकेटमुळे डोक्यात बसलेली असते. धोनी चेन्नईची पिवळी जर्सी उतरवून दोन मोसम पुण्याच्या टीमकडून खेळला, तेव्हा ७ नंबर त्याच्या पाठीवर बसूनच पुण्याला आला. नॅसकारमध्ये असं नाही. तिथे नंबर नॅसकार संस्थेच्या मालकीचा. संस्था तो टीमच्या मालकाला वापरायला देते. गाडीचा रंग पैसे मोजणाऱ्या स्पॉन्सरचा. गाडी, इंजिन, मेकॅनिक हे सगळं मालकाचं. ड्रायव्हर त्या घरातला भाडेकरू. घर सोडताना स्वतःचं नाव, सही आणि हेल्मेट घेऊन तो बाहेर पडतो, दारावरची पाटी तिथेच राहते.

कार्डावर मात्र हे सगळं एकाच फोटोत, एकाच चौकटीत येतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की ते सगळं त्या माणसाचंच आहे. खरं तर त्या चौकटीत निदान तीन वेगवेगळ्या परवानग्या असतात: ड्रायव्हरच्या चेहऱ्याची, टीमच्या गाडीची आणि स्पॉन्सरच्या बोधचिन्हाची. एक जरी अडली तरी कार्ड अडतं. मॅक्स नावाच्या कंपनीने १९८८मध्ये नॅसकारचा १०० कार्डांचा संच काढला, तिथून या छंदाला बाजार मिळाला असं मानतात. त्या पहिल्याच संचाला ठेच लागली ती डेल अर्नहार्टपाशी. त्याच्याशी करार जुळला नाही म्हणून ९९ नंबरचं त्याचं कार्ड तेव्हा संचाबरोबर बाजारात आलंच नाही. त्या काळातला सगळ्यात मोठा ड्रायव्हर, आणि पहिल्या संचात त्याची जागा मोकळी! कार्ड म्हणजे आधी कागदपत्रं आणि मग चित्र, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढच्या पाचेक वर्षांत धंदा फोफावला. मॅक्सबरोबर ट्रॅक्स आली, उठावदार छपाईची अ‍ॅक्शन पॅक्ड आली, प्रेस पास आली. छापलंही भरमसाट, इतकं की आज त्या वर्षांचे बरेच साधे संच चणे-फुटाण्याच्या भावात मिळतात. संग्राहकांची त्यावर कुरकुर असते. मला ते बरंच वाटतं. स्वस्त कार्ड हाताळताना हात थरथरत नाही.

अटलांटा, नोव्हेंबर १९९२

प्रकरण सुरू होतं जुलै १९९३मध्ये असं सगळे सांगतात. मी आठ महिने मागे जातो.

१५ नोव्हेंबर १९९२. अटलांटाला मोसमातली शेवटची शर्यत. डेव्ही अ‍ॅलिसन मोसमाच्या विजेतेपदासाठीच्या गुणांत ३०ची आघाडी घेऊन उतरलेला. अलाबामाच्या ह्युएटाउनचा, ड्रायव्हर बॉबी अ‍ॅलिसनचा मुलगा. त्याच वर्षी त्याने डेटोना ५००, म्हणजे मालिकेतली सगळ्यात मानाची शर्यत, जिंकलेली. १९८७मध्ये पदार्पणाच्या मोसमापासून तो २८ नंबरच्याच गाडीत. मूळ मालकांकडून १९८८मध्ये ती टीम रॉबर्ट येट्स यांनी विकत घेतली. येट्स इंजिन बांधणारे, हाताला तेल लागलेले मालक. टीम विकली गेली तरी नंबर तोच, रंग तोच, ड्रायव्हर तोच. सहा मोसम असे गेले की लोक २८ म्हणजेच डेव्ही असं धरून चालू लागतात, आणि कार्डवाल्यांनीही तेच धरलं. टेक्सॅकोसाठी मॅक्सने डेव्हीच्या कार्डांचा स्वतंत्र संचच काढला होता.

तर त्या दिवशी विजेतेपद डेव्हीच्या आवाक्यात होतं. शर्यत बरीचशी सरली असताना पुढची पिवळी गाडी टायर बसल्याने गरकन फिरली आणि डेव्ही तिच्या अंगावर जाऊन आदळला. विजेतेपद तिथेच संपलं. ते गेलं अ‍ॅलन कुलविकीकडे, बिल एलियटपेक्षा अवघ्या १० गुणांनी पुढे राहून. आणि ती पिवळी गाडी होती ४ नंबरची, कोडॅकची. आत एर्नी अर्वन.

अर्वन कॅलिफोर्नियातल्या सलीनासचा. हातात वेग भरपूर, सबुरी कमी. त्यामुळे ‘स्वर्व्हिन अर्वन’ असं टोपणनाव पडलेलं, म्हणजे नागमोडी धावणारा. एका वर्षात इतके धक्के दिले की १९९१मध्ये टॅलाडेगाला शर्यतीआधीच्या बैठकीत सगळ्या ड्रायव्हरांसमोर उभं राहून त्याने माफी मागितली होती. त्याच वर्षी डेटोना ५०० मात्र त्यानेच जिंकली होती, त्याच पिवळ्या गाडीत. ती गाडी व्हर्जिनियातल्या अ‍ॅबिंग्डनच्या मॉर्गन-मॅक्लूर टीमची.

त्या उन्हाळ्यात

१ एप्रिल १९९३ला कुलविकी विमान अपघातात गेला. विजेतेपद मिळून पाच महिनेसुद्धा झाले नव्हते.

११ जुलैला न्यू हॅम्पशरला डेव्ही तिसरा आला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः हेलिकॉप्टर चालवत टॅलाडेगाला गेला, एका मित्राच्या मुलाची गाडीची चाचणी बघायला. ट्रॅकच्या आवारात उतरता उतरता हेलिकॉप्टर कोसळलं. बरोबरचे ड्रायव्हर रेड फार्मर वाचले. १३ जुलैला सकाळी डेव्ही गेला. वय ३२.

पुढच्या रविवारी पोकोनोला २८ नंबरची गाडी उतरली नाही. शर्यत अर्नहार्टने जिंकली आणि २८ नंबरचा झेंडा घेऊन त्याने ट्रॅकवर उलट दिशेने फेरी मारली. ही उलटी फेरी कुलविकीची खूण होती, त्यामुळे त्या एका फेरीत दोघंही आठवले गेले.

पण येट्स यांच्या दुकानात पगार होते, इंजिनं होती, टेक्सॅकोशी करार होता. शोक होताच, आणि शर्यतीही होत्या. २५ जुलैला टॅलाडेगाला, जिथे डेव्ही गेला त्याच ठिकाणी, २८ परत उतरली. आत रॉबी गॉर्डन. तो लवकरच धडकून बाहेर पडला. त्याच शर्यतीच्या शेवटी अर्नहार्ट आणि अर्वन रेषेवर जवळजवळ एकत्रच आले. फरक ०.००५ सेकंद. अर्वन हरला, पण मालक म्हणून येट्स यांनी त्या दिवशी काय पाहिलं असेल हे समजायला रेसिंगचा पंडित असावं लागत नाही. मग काही शर्यती लेक स्पीड या अनुभवी ड्रायव्हरने २८ चालवली. ही तात्पुरती सोय होती हे सगळ्यांनाच माहीत होतं.

आणि मग ५ सप्टेंबरला डार्लिंग्टनला २८मध्ये बसला एर्नी अर्वन. मोसम संपायची वाटसुद्धा न बघता. मॉर्गन-मॅक्लूरशी त्याचा करार चालू होता. वाद झाला, वकील आले, शेवटी तडजोड होऊन तो सुटला. डेव्हीचं विजेतेपद ज्याच्या गाडीवर आदळून फुटलं, तोच माणूस दहा महिन्यांत डेव्हीच्या सीटवर. काही चाहत्यांना हे गिळणं जड गेलं असणार. मला त्यात येट्स आणि क्रू चीफ, म्हणजे मेकॅनिकांचा प्रमुख, लॅरी मॅकरेनॉल्ड्स यांचा रोखठोकपणा दिसतो. त्यांना वेगवान माणूस हवा होता आणि तो कोण हे त्यांना ठाऊक होतं. २६ सप्टेंबरला मार्टिन्सव्हिलला अर्वनने २८ पहिली आणली. १० ऑक्टोबरला शार्लटला तर जवळपास अख्खी शर्यत तोच पुढे होता.

छापखान्यात काय होतं

इथे कार्डवाल्यांची बाजू बघायला हवी, कारण त्यांच्यावर फुकट खापर फुटतं.

शर्यतीच्या मोसमाला कार्ड कंपनी नेहमी थोडी उशिराच पोचते. फोटो आदल्या मोसमाचे किंवा फेब्रुवारीत डेटोनाला काढलेले. मग परवानग्या, मागच्या बाजूची आकडेवारी, छपाई, कापणी, पाकिटं भरणं, दुकानात पोचवणं. १९९३चा संच बाजारात फिरत होता तेव्हा त्यात अ‍ॅलन कुलविकी राज्य करणारा विजेता होता, डेव्ही अ‍ॅलिसन २८मध्ये होता आणि एर्नी अर्वन कोडॅकमध्ये. सप्टेंबरात तेच पाकीट कुणी फोडलं असेल तर त्यातले दोघं या जगात नव्हते आणि तिसरा दुसऱ्याच्या गाडीत होता. छापताना एकही चूक झाली नव्हती.

कार्ड कंपनीपुढे अशा वेळी थोडेच मार्ग. छापलेलं तसंच विकायचं. पुढच्या मालिकेसाठी थांबायचं. किंवा खबरदारी म्हणून नुसत्या चेहऱ्याचा फोटो घ्यायचा, गाडी दाखवायचीच नाही. हा तिसरा मार्ग मला भित्रा वाटतो. गाडीविना रेसिंगचं कार्ड म्हणजे पासपोर्टचा फोटो. टीमकडून फुकट वाटली जाणारी मोठ्या आकाराची कार्डं, ज्यांना तिकडे हीरो कार्ड म्हणतात, त्यांचं बरं असतं. स्पॉन्सरने पैसे दिले की नवीन छापली, जुनी रद्दीत. पाकिटातलं कार्ड मात्र कुणी परत बोलावत नाही.

टेक्सॅकोने काय केलं ते या सगळ्यात मला जास्त बोलकं वाटतं. डेव्हीचा खास संच काढणाऱ्या मॅक्सने १९९४मध्ये टेक्सॅकोसाठीच खास संच काढला, एर्नी अर्वनचा. तेच तेल, तोच नंबर, तीच काळी गाडी. चेहरा तेवढा वेगळा. श्रद्धांजलीची कार्डं निघाली तीही खरी, आणि ती काढणाऱ्यांच्या भावनेवर मी शंका घेत नाही. पण भाडेकरू गेला, नवा आला आणि पाटी जागची हलली नाही, हे या संचात जितकं उघड दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

एकाच्या उठण्याने किती उठले

अर्वन उठला म्हणून ४ नंबरची सीट रिकामी झाली. १९९४मध्ये तिथे आला स्टर्लिंग मार्लिन. तोपर्यंत तो स्टाव्होला बंधूंच्या ८ नंबरच्या गाडीत होता. कारकिर्दीत २७८ शर्यती झालेल्या, विजय शून्य. पिवळ्या गाडीत बसून त्याने पहिलीच शर्यत जिंकली, तीही डेटोना ५००. पुढच्या वर्षी पुन्हा तीच. १९९३च्या संचातलं मार्लिनचं ८ नंबरचं कार्ड म्हणजे एकही शर्यत न जिंकलेल्या माणसाचं शेवटच्या वर्षातलं कार्ड. त्याला कुणी विचारत नाही. मला ते फार आवडतं.

त्याची ८ नंबरची सीट मिळाली जेफ बर्टनला, आणि तो १९९४चा सर्वोत्तम नवोदित ठरला. म्हणजे टॅलाडेगाच्या आवारात एक हेलिकॉप्टर पडलं आणि सात-आठ महिन्यांत तीन टीमांची कार्डं शिळी झाली.

हे इथेच थांबलं असतं तर प्रकरण नीटस झालं असतं. १९९४मध्ये अर्वनने २८मध्ये आणखी तीन शर्यती जिंकल्या आणि विजेतेपदासाठी अर्नहार्टच्या मागोमाग होता. २० ऑगस्टला मिशिगनला सरावात टायर गेला आणि गाडी भिंतीवर आदळली. डोक्याला आणि फुप्फुसाला इतका मार की जगण्याची शक्यता दहा टक्के सांगितली गेली. तो जगला. उरलेल्या मोसमात २८ चालवली केनी वॉलेसने.

आता १९९५च्या संचाचं काय करणार? अर्वन जिवंत आहे, परत येईल म्हणतोय, कधी ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत. येट्स यांनी एका वर्षासाठी डेल जॅरेटला आणलं. जॅरेट तेव्हा टीममालक जो गिब्ज यांच्या १८ नंबरच्या गाडीत होता आणि १९९३ची डेटोना ५०० त्याने त्यांनाच मिळवून दिली होती. भरल्या घरातून तो दुसऱ्याच्या सीटवर येऊन बसला, तेही मूळ भाडेकरू बरा होईपर्यंत. त्याच्या जाण्याने १८ रिकामी झाली, तिथे बॉबी लबाँटी आला, त्यासाठी त्याने २२ सोडली. पुन्हा तोच खो-खो: एकाने ‘खो’ दिला की पुढचा उठणार, आणि छापखाना पाठीमागून धावणार.

१ ऑक्टोबर १९९५, रविवार, नॉर्थ विल्क्सबरो. तेरा महिन्यांनी अर्वन परत गाडीत बसला आणि सहावा आला. पण २८मध्ये नव्हे. २८ जॅरेटकडे होती. येट्स यांनी त्याच्यासाठी दुसरी गाडी उभी केली, नंबर ८८.

१९९६मध्ये अदलाबदल झाली. अर्वन परत २८मध्ये, जॅरेट ८८मध्ये. आणि जे ८८ अर्वनला परत आणण्यासाठी निघालं होतं, त्यावर जॅरेटने त्या वर्षी डेटोना ५०० जिंकली आणि १९९९मध्ये मालिकेचं विजेतेपद. आज कुणालाही विचारा, ८८ कुणाचा? जुना माणूस जॅरेट म्हणेल, नंतरचा डेल अर्नहार्ट ज्युनियर म्हणेल. अर्वन कुणीच म्हणणार नाही.

अर्वनने १९९७मध्ये मिशिगनला, जिथे तो मरता मरता वाचला तिथेच, शर्यत जिंकली. त्या मोसमानंतर २८ सोडली. २० ऑगस्ट १९९९ला, पहिल्या अपघाताला बरोबर पाच वर्षं होताना, मिशिगनलाच पुन्हा सरावात धडकला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत निवृत्त झाला.

अल्बमाचं काय केलं

माझा एक मित्र कार्डं ड्रायव्हरवारीच लावतो. त्याचं म्हणणं, लोक माणसावर प्रेम करतात, पत्र्यावर नाही. त्याच्या अर्वनच्या पानावर पिवळं, काळं, पुन्हा काळं अशी रांग आहे आणि ती छान दिसते. पण त्या पानावर डेव्ही कुठेच नाही. मार्लिन नाही, जॅरेट नाही. अर्वन काळा का झाला ते पान बघून कळत नाही.

मी सगळी कार्डं काढली आणि गाडीच्या नंबराप्रमाणे पुन्हा लावली. एक अख्खा रविवार गेला, शिवाय दोन खिसे फाटले. २८च्या पानावर आता पहिल्या दोन खिशांत डेव्ही. तिसरा मोकळा, रॉबी गॉर्डन आणि लेक स्पीडसाठी. या गाडीतलं त्यांचं कार्ड माझ्याकडे नाही. मग अर्वन. मग केनी वॉलेससाठी पुन्हा एक मोकळा खिसा. मग जॅरेट, मग परत अर्वन. त्यानंतर केनी अर्विन, नंतर रिकी रड. २००३मध्ये येट्स यांच्या त्या गाडीवर ३८ नंबर आला, हॅव्होलिन दुसऱ्या टीमच्या ४२ नंबरच्या गाडीवर गेलं, आणि शेवटी पाटीसुद्धा उतरली. तिथे पान संपतं.

४च्या पानावर अर्वननंतर लगेच मार्लिन येतो, दोघंही पिवळे. झटकन बघितलं तर एकच माणूस वाटतो.

अडचण फक्त ८८ची होती. ते पान जॅरेटने भरलेलं आहे, आणि त्याच्या कार्डांची संख्या बघता दुसरं पान लागणारच. तरी पहिला खिसा मी त्याला दिलेला नाही. नॉर्थ विल्क्सबरोच्या त्या रविवारचं, ८८मधल्या अर्वनचं कार्ड मिळालं तर तिथे लावायचं आहे.